सांडशीची ओळ

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

श्री. रातकिडा यांस,

स. न. वि. वि.

'साठवण'साठी आपण पाठवलेला पॅच मिळाला. काम नेहमीप्रमाणे नीटनेटकं आहे. फाइलींच्या नकला करताना मध्येच वीज गेली की आमचा प्रोग्राम आजवर पुन्हा पहिल्या फाइलपासून सुरुवात करायचा. आपल्या दुरुस्तीनंतर तो जिथे थांबला होता तिथून पुढे जातो. इथे दवाखान्याच्या तळघरात मी मुद्दाम वायर उपटून पाहिली. सगळे रिपोर्ट जागच्या जागी परत आले. आभारी आहे.

एक लहानशी गोष्ट. शेवटच्या फाइलमध्ये आपल्या स्वतःच्या मशीनसाठी लिहिलेली एक ओळ चुकून राहिली आहे. घरी चाचणी करताना असं सगळ्यांचंच होतं. ती ओळ काढून पॅच पुन्हा पाठवावा, म्हणजे मला तो घेता येईल.

दुसरं असं की गुरुवारपासून मी काही दिवस कामावर नसेन. त्या काळात आपल्या ईमेल-यादीवर येणाऱ्या प्रश्नांकडे आपण लक्ष द्याल का? बाकी इकडे सर्व ठीक.

इथवर लिहिलं आणि चहा टाकायला उठले. हे पत्र यादीवर पाठवणार होते, सगळ्यांना दिसेल असं. आता ते फक्त तुला पाठवते आहे. तेव्हा 'आपण' पुरे झालं.

भुंग्या, कॉम्प्युटरला सांडशी असं नाव ठेवणारी जगात दोनच माणसं आहेत, आणि त्यातली एक मी आहे.

तुझी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मशीनचं नाव सांडशी असेल तर थोड्या थोड्या फाइलींनंतर थांबायचं, मग पुढे जायचं. म्हणजे ती अजून चालते आहे. म्हणजे ती अजून तापते.

तुला आठवत असेलच, तरी लिहिते. भंगारवाल्याकडून आणलेल्या तीन डब्यांचा आपण एक केला होता, आणि त्याचं झाकण बसेना. तू आईची सांडशी लावलीस. आई दूध उतरवायला सांडशी शोधत राहिली आणि दूध उतू गेलं. शेवटी तिला ती तुझ्या खोलीत सापडली, हात लावला तर गरम. आई म्हणाली, "उद्यापासून भांडं इथंच ठेवते, शेगडीचा खर्च तरी वाचेल." मशीनचं बारसं त्या दिवशी झालं.

आपल्याला कुणी शिकवलं नाही. मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी होती, आणि मुखपृष्ठ नसलेलं ते पुस्तक, ज्याचं नाव आपल्याला कधीच कळलं नाही. बाकी सगळं शिकलो ते आपल्या खेळातून. एकाने खोलीत जाऊन मशीनमध्ये काहीतरी एक बिघडवायचं आणि दार उघडून गप्प बसायचं. दुसऱ्याने काही न विचारता ते शोधायचं. तू माझ्याहून वाईट बिघडवायचास. दवाखान्यात मी आज जे काही निस्तरते त्यातलं पुष्कळसं तू आधी एकदा करून ठेवलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, कॉम्प्युटरबाई, तुम्हाला बिघाड आधीच कसा कळतो? मी म्हणते, मला एक भाऊ आहे. त्यांना वाटतं तो इंजिनिअर असेल.

आता, तुला ओळखलं कुणी, हे खरं सांगायला हवं. मी नाही ओळखलं. आईने ओळखलं.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसले होते आणि यादीवरच्या एका रातकिड्यावर वैतागले होते. मी लिहिलेला एक अख्खा भाग चुकीचा आहे असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदी सभ्य शब्दांत होतं, त्यामुळे जास्तच लागत होतं. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आई शिवणाच्या मशीनवर होती. तिने पाय थांबवला.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी वाचलं.

"हा आपला भुंग्या आहे."

मी म्हटलं, काहीतरीच. जगातून कुठून कुठून माणसं लिहितात, अनोळखी, टोपणनावाने. यादी म्हणजे काय ते तिला समजावलं: हा प्रोग्राम वापरणारे सगळे एकमेकांना उघडी पत्रं लिहितात. "म्हणजे कट्टा," ती म्हणाली आणि पुढे शिवायला लागली. मला पुरावा हवा होता. आईला नको होता.

तेव्हापासून तुझं प्रत्येक पत्र मी तिला वाचून दाखवते. डिस्क, फाइल, नकला, यातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण ती लक्ष देऊन ऐकते. एकदा म्हणाली, आज वाक्यं तोकडी आहेत, जेवला नसेल. एकदा म्हणाली, आज खुशीत आहे, उगाचच आभार मानतोय. पॅचला ती ठिगळच म्हणते. मागे तुझं एक काम मी तिला स्क्रीनवर दाखवलं, आधीचं आणि नंतरचं. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली की ठिगळ कुठे लावलंय ते दिसत नाही, म्हणजे आतल्या बाजूने लावलंय. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवून तिने फार थोड्यांना असं म्हटलं आहे.

आणि तुझं 'पाहतो'. मी कुठलंही काम सांगितलं की तू एवढाच शब्द लिहितोस. दुसऱ्या कुणी 'पाहतो' म्हटलं तर मी ते काम स्वतःच करून टाकते. पण आई म्हणाली, हा करणार. लहानपणी दळण आणायला सांगितलं की असाच म्हणायचा आणि आणायचा.

मी मात्र यादीवर कधी काही दाखवलं नाही. 'महोदय' लिहीत राहिले. कारण सांगते. तू लिहितोस, हे बरोबर नाही, कारण अमुक. मी लिहिते, मान्य नाही, कारण तमुक. मग दोघांपैकी एक जण माघार घेतो आणि आभार मानतो. असं भांडणं आपल्या घरात कुणालाच जमलं नाही. बाबांना नाही, तुला नाही, मला तर नाहीच. बाबा म्हणाले, या भंगारातून काही उभं राहणार नाही. तू भंगार उचललंस आणि निघून गेलास. कारणं दोघांनीही सांगितली नाहीत.

तेव्हा वाटायचं, ओळखलं असं म्हटलं तर हा कट्टाही सोडून जाशील. मग संध्याकाळी आईला वाचून दाखवायला माझ्याकडे काही उरणार नाही. आत्ताही तसंच वाटतं आहे. चहा केव्हाच निवला, आणि मी अजून इथेच बसले आहे.

बाबांचं. ते गेले तेव्हा तुझ्या जुन्या ईमेल पत्त्यावर लिहिलं होतं. पत्र परत आलं, पत्ता बंद झाला होता. तुला पुढे केव्हातरी, कुणाकडून तरी कळलं असेल, आणि इतक्या उशिरा कळल्यावर तोंड कसं दाखवायचं हे तुला सुचलं नसेल. माझा एवढाच अंदाज आहे. चुकीचा असेल तर यादीवर लिहितोस तसं लिही, कारणासकट. बरोबर असेल तर काही लिहू नकोस. त्यावर आमच्याकडून काही विचारलं जाणार नाही. दिवाणखान्यातली त्यांची खुर्ची मी वापरते. ती अजून कुरकुरते.

काल आईला सांडशीच्या ओळीचं सांगितलं. आता पुरावाही आला, म्हटलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिने विचारलं, "अजून चालतंय ते खोकं?" मी म्हटलं, चालतंय, पण दम खात. "मग त्याच्याकडे बघणारं कुणीतरी आहे," ती म्हणाली, आणि बराच वेळ उशीला टेकून हसत होती.

उशीला, कारण हल्ली ती शिवणाच्या मशीनवर बसत नाही. जिना चढत नाही. तिचा पलंग आम्ही खालच्या खोलीत, खिडकीशी घेतला आहे.

तिने मला बजावलं आहे की तुला एक गोष्ट लिहायची नाही. तिचे शब्द असे: "आजाराचं सांगून बोलावू नकोस. घाबरून आलेला मला नको. यायचं म्हणून येऊ दे." मी हो म्हटलं. आणि सकाळपासून तुला पॅचबद्दल लिहिते आहे, दुधाबद्दल, कट्ट्याबद्दल. तुला बिघाड शोधता येतो. मी सुट्टीचं लिहिलं तिथेच तू थांबला असशील.

गुरुवारी आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणतात, वयाच्या मानाने ठीक होईल. वयाच्या मानाने म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. दवाखान्यात इतकी वर्षं काम करून तेवढं कळतं.

मी शब्द मोडला हे तिला सांगणार आहे. ती रागावेल. रागवायला तिला चांगलं जमतं, त्यात तिचा थोडा वेळ बरा जाईल.

तू ये म्हणून हे लिहिलेलं नाही, असं लिहिणार होते. ते खोडलं. तू ये म्हणूनच लिहिलं आहे. बुधवारी आलास तर ती घरी, पलंगावर असेल. नंतर आलास तर माझ्याच दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर. सुट्टी असली तरी एकदा तळघरात डोकाव, मी तिथे नसले तर वरच असेन. घराचं पुढचं दार अजूनही उचलून ढकलावं लागतं. येणं जमलं नाही तर यादीवर लिहीत राहा. 'पाहतो' एवढं एक लिहिलंस तरी मी आईला मोठ्याने वाचून दाखवीन. तिला त्याचा अर्थ माहीत आहे.

वर तुला ती ओळ काढायला सांगितली आहे. काढू नकोस. पॅच आत्ताच, आहे तसा घेतला. आता 'साठवण' जिथे जिथे जाईल तिथे ती ओळ जाईल. कुणी विचारलं तर सांगेन, आमच्या घरचं एक जुनं मशीन आहे, त्याच्यासाठी जरा सावकाश चालायचं असतं.

यादीवर तुझ्याशी भांडणारी,
आणि दार उचलून उघडायला घरी असलेली,

ताई