सतरा नंबरचं कार्ड

८ जानेवारी
अध्ययनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला अठ्ठावीस दिवस. मुलांनी अभ्यास कसा करावा, हे शिकवण्याचं शास्त्र. ही शेवटची परीक्षा सुटली की मी पदवीधर. आमच्या घरात आठवीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. आईने शिवणकारखान्यात सगळ्यांना आधीच सांगून टाकलंय.

टेबलावर बेचाळीस चिठ्ठ्या उपड्या मांडतात. एक उचलायची आणि त्या नंबरच्या प्रश्नावर बोलायचं. म्हणून प्लॅन: बेचाळीस कार्डं, तीन रंग. सोपी हिरवी, मधली पिवळी, अवघड लाल. रोज दीड कार्ड. प्लॅन इतका सुरेख झाला की आज वेगळ्या अभ्यासाची गरज वाटली नाही.

११ जानेवारी
टाइमटेबल पुन्हा काढलं. पहिल्यात आंघोळ राहिली होती.

माझ्या खोलीतल्या झोर्नित्साचीही हीच परीक्षा, पण तिच्याकडे टाइमटेबलच नाही. तिचे आई-वडील दोघेही शिक्षक, घरात भिंतभर पुस्तकं. अशांना शिस्तीची कदर नसते. ती सूर्यफुलाच्या बियांचं रिकामं पाकीट फाडते, आतल्या बाजूला तीन ओळी लिहिते, मग ते उपडं टाकून मोठ्याने बोलत सुटते. मला म्हणाली, नेवेना, पाच मिनिटं ऐक ना गं, तुला समजलं म्हणजे मला आलं. मी म्हटलं, मला रेघा मारायच्यात.

मला तिचा हेवा वाटत नाही. तिची झोप मी फक्त माहितीसाठी लिहून ठेवते. काल साडेआठ तास.

१४ जानेवारी
आईचा फोन नेमका मी शीर्षकांना जांभळी सावली देत असताना आला. झोर्नित्साला म्हटलं, मी कामात आहे, तू बोल. ती अर्धा तास बोलली. विसरण्याबद्दल. माझ्या आईशी! व्हिडिओ कॉलवर जी अजून फोन कानाला लावते आणि आम्हाला नुसता कान दाखवते, तिच्याशी!

शेवटी आई तिला म्हणाली, पोरी, काय छान सांगतेस, आमची नेवे तर काहीच सांगत नाही. आमची नेवे सांगत नाही, कारण आमची नेवे अभ्यास करते.

१५ जानेवारी
पुन्हा आईचा फोन. मी उचलला. म्हणाली, ती पोरगी आहे का गं?

१९ जानेवारी
गावाकडच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर आईचा खोका आला. भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या चार बरण्या. दोनवर माझं नाव, दोनवर झोर्नित्साचं. तिच्या गळ्यापर्यंत भरलेल्या, माझ्या बोटभर कमी. पट्टीने मोजलं.
निश्चय: असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नाहीत.
दुपारी तिच्या बरणीतली चटणी खाल्ली.

२४ जानेवारी
हिरवी आणि पिवळी अठ्ठावीस कार्डं तयार. चौदा लाल कार्डांच्या चौकटी तयार. चौकट म्हणजे अर्धं काम.

झोर्नित्साने विचारलं, सतरावं देतेस का? ‘विसरणं आणि उजळणी’ तू कसं मांडलंयस ते बघते. म्हटलं, शाई वाळू दे. शाई वाळली होती. मजकूर नव्हता. पण आपल्या पद्धतीबद्दल थोडी गुप्तता पाळावीच लागते.
ती म्हणाली, बरं, मग मावशींनाच पुन्हा सांगून बघते.
मावशी म्हणजे माझी आई.

३१ जानेवारी
पाच दिवस. लाल कार्डं शेवटी ठेवण्यात विचार आहे. डोक्यात ताजी राहतील. आज सगळी पेटीत नंबरप्रमाणे लावली. मग रंगाप्रमाणे. मग पुन्हा नंबरप्रमाणे. फार थकले.

३ फेब्रुवारी
बेचाळीसपैकी अठ्ठावीस येतात. म्हणजे दर तीन चिठ्ठ्यांतल्या दोन माझ्या. झोर्नित्साला मोठ्या मनाने सांगितलं, नापास झालीस तर सप्टेंबरच्या फेरपरीक्षेला माझी पेटी वापर. ती हसली. मी थट्टा करत नव्हते. थोडी आशाही होती.

५ फेब्रुवारी, सकाळी सात
आई फोनवर म्हणाली, तू निघालीस की मी इकडे पायरीवर पाणी सांडते, पाणी वाहतं तसं तुझं काम सुरळीत होऊ दे. वर म्हणाली, झोर्नित्साच्या नावानेही सांडते. म्हटलं, निदान वेगळं भांडं घे. म्हणाली, अगं, पाणीच आहे ते!

५ फेब्रुवारी, दुपारी
सतरा.

कार्ड डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. लाल चौकट, जांभळी सावली, कोपऱ्यात मी काढलेलं इवलंसं पान. खाली पांढरं. मी शीर्षक सांगितलं. प्राध्यापिका हाजिएवा म्हणाल्या, ते चिठ्ठीवरही आहे, पुढे बोला. पुढे काही नव्हतं.
सहापैकी दोन. नापास. आता सप्टेंबर.

झोर्नित्साला सहा. तिला नियोजनाचा प्रश्न आला. दाराआडून ऐकलं: तिने एका बाईचं उदाहरण दिलं, जी तळघरातल्या प्रत्येक बरणीवर तारीख घालते आणि नवी बरणी नेहमी जुनीच्या मागे ठेवते. हाजिएवा म्हणाल्या, वा, कुठल्या पुस्तकातलं? ही म्हणाली, एका मावशींचं.
ते तळघर आमचं आहे. त्या बरण्या मी लहानपणापासून बघतेय.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी
आईला सांगितलं. नेहमीसारखा नुसता तिचा कान दिसत होता. कारखान्यात आता काय सांगशील, विचारलं. म्हणाली, सांगेन, पोरगी अजून शिकतेय. खोटं आहे का?

मग म्हणाली, कुठला नंबर आला होता? म्हटलं, सतरा.

अगं, तो तर सोपा! ऐकलेलं बरंचसं लगेच उडून जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून कुणाला तरी सांगायचं. मग आठवड्याने. मग महिन्याने. दर वेळी थोडं जास्त टिकतं. तू कुणाला सांगितलं होतंस?

मी पेन शोधलं आणि तिला म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश. नव्या कोऱ्या कार्डावर सतरावं लिहिलं. बेचाळिसांत हेच एक कार्ड बिनसावलीचं.

तिला म्हणणार होते, आजपासून रोज तुलाच सांगत जाईन. तेवढ्यात तीच म्हणाली, जरा झोर्नित्साला फोन दे गं, अठरावा प्रश्न अर्धाच राहिलाय.

माझं अठरावंही लालच आहे. फोन दिला. स्पीकर चालू करून.