सोमवारचं ताट

रत्नागिरी, १९८६

ती. वन्संना नमस्कार,

‘राही, माझ्याबरोबर सोमवार धरलास तर काका बोटीवरून लवकर येतील,’ असं तुम्ही तिला म्हणाला होतात. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तुमचे यजमान अजून आलेले नाहीत. राहीनं मग गुरुवार धरला, शनिवार धरला आणि आम्ही शेजारणींना कौतुकानं सांगत राहिलो. यंदा ती शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं की हा आजार आहे.

वन्सं, आज ती जेवली! मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई इथल्या इस्पितळात अशा न जेवणाऱ्या मुलींवर संशोधन करतायत. त्यांचा उपचार असा, की सगळ्या घरानं तिच्यासोबत बसून तेच जेवायचं आणि ‘खा’ म्हणायचं नाही. इतके दिवस मी ओठ मिटून बसले. आज तिनं पेज संपवली, बांगड्याचा तुकडा घेतला आणि मलाच म्हणाली, ‘टकामका काय बघतेस गो आई? पेज निवली तुझी!’ मी हसता हसता उष्टाच हात डोळ्यांना लावला आणि तिखटानं आणखी रडले.

फक्त सोमवारी ती ताट सरकवते. म्हणते, ‘आत्या उपाशी असेल. मी जेवले आणि काका आलेच नाहीत तर?’

तुमचा सोमवार म्हणजे तुमचं कुंकू, हे मी जाणते. म्हणून हे पत्र दोनदा पेटीपर्यंत नेऊन परत आणलं. तुम्ही नाहीच म्हणाल, तरी मागते: येत्या सोमवारी लांज्याहून या आणि राहीशेजारी बसून पोटभर जेवा.

तुमची वहिनी,
गंगा