नव्वद मिनिटं दुसऱ्याचा बाप

चि. स्वानंद,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, कसा खेळलो?" मी म्हणालो, "एकदाही ऑफसाइड झाला नाहीस." ते मी कुणाबद्दल बोललो, ते ऐक.

टीव्हीवाल्यांनी तुमच्या फुटबॉल लीगचे पैसे कापले, क्लबने परदेशी खेळाडू घरी धाडला आणि चार वर्षं बाकावर बसलेला तू अखेर मैदानात उतरलास. मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पण त्याच काटकसरीत कॅमेरेही गेले, हे कोण सांगणार? उरला एकच, तोही पार स्टेडियमच्या छपराला. मोबाइलवर खेळाडू कसले, नुसत्या मोहऱ्या पळत होत्या.

तू कडेने खेळतोस, म्हणून कडेने पळणारी मोहरी मी धरली. शेजारच्या मालोजीरावांना म्हटलं, "शिस्त बघा! बॉलला हावरटासारखा पाय लावत नाही." मॅच संपता संपता ते म्हणाले, "मुकुंदराव, त्येच्या हातात झेंडा हाय. लाइन्समन हाय त्यो."

चाकणच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटीत केसाएवढी खोट पकडली रे मी! तुझ्या आईने मात्र तुला पहिल्या मिनिटाला ओळखलं. "सारखा वाकून मोजे ओढतोय, तोच आपला." मला सांगितलं नाही. म्हणे, तुम्ही खुशीत होतात.

पूर्वी गोल झाला की कॅमेरा बाकावर यायचा आणि तुझा चेहरा चार सेकंद टीव्हीभर दिसायचा. काल क्षणभर वाटलं, पोरगं बाकावरच बरं होतं.

बापाने असं मनातही आणू नये. म्हणून हे पत्र टाकत नाही.

झेंडेवाल्याचा आणि तुझाही,
बाबा