तोरूबरोबर पळताना

१८ नोव्हेंबर

आला एकदाचा बर्फ! रात्रभर पडत होता. सकाळी फाटक ढकललं तर हलेना. फावड्यानं वाट काढली, आणि मग पळायला गेले. काकडले, पण गेले. बुटांच्या तळव्यांत नवऱ्यानं, कुबातनं, बारीक स्क्रू पिळून दिलेत. बर्फावर मांजरासारखी पकड! मोकळ्या डांबरावर मात्र टकटक — जणू बकरी चाललीय.

एकटीच. मला पळायला लावणारी तमारा — शाळेतली निवृत्त कवायतीची बाई — परवा बिश्केकला लेकीकडे गेली. दर हिवाळ्यात जाते. "वितळलं की फोन कर," म्हणाली. म्हणजे एप्रिल. काराकोलच्या बर्फाला जायची घाई नसते.

वितळल्यावर सरोवराच्या धक्क्यापर्यंतची धाव आहे. गेल्या वर्षी मी शेवटून दुसरी आले. शेवटची होती तिचा बूट फाटला होता. यंदा बूट शाबूत असलेल्या कुणाला तरी मागे टाकायचंय.

२३ नोव्हेंबर

पळताना पापण्या गोठून एकमेकींना चिकटल्या. शेजारची झुलैखा एजे, माझ्या आईच्या वयाची, फाटकाशीच उभी होती. म्हणे, कुणी मागे लागलंय का तुझ्या? म्हटलं, नाही हो एजे. मग म्हणे, पुढे काही वाढून ठेवलंय का? तेही नाही म्हटल्यावर मान हलवत आत गेली. मी काम करते त्या बालवाडीच्या स्वयंपाकघरात हे सांगितलं तर भांडीवाली हसून हसून खाली बसली.

घरी कुबात. जाताना "चाललीस?" आल्यावर "आलीस?" जुलैत छपरावरून पडल्यापासून एवढंच बोलतो. पाय सांधला, पण जरा आखूड राहिला. त्याची मिनीबस आता दुसराच कुणी चालवतो. हा दिवसभर शेगडीपाशी, खिडकीकडे तोंड करून. याच माणसाच्या मिनीबसमध्ये लोक मुद्दाम आपला थांबा चुकवायचे — त्याची गोष्ट अर्धी राहू नये म्हणून!

पळून येते तेव्हा अंग पिसासारखं हलकं झालेलं असतं. दार उघडलं की त्या हलकेपणाचीच लाज वाटते. हे कुणाला सांगू?

२ डिसेंबर

थोरले दीर ओरोझबेक आके घोडी घेऊन आले. बदामी रंगाची, म्हणून नाव तोरू. तीन वर्षं गाभण राहिली नाही, अंगानं मात्र गोल गरगरीत. यंदाचं सोगुम हिचंच. कडाक्याची थंडी पडली की कापायची, मांस दोन्ही घरांना वसंतापर्यंत पुरेल. त्यांच्या तबेल्यात जागा नाही, म्हणून तोवर आमच्याकडे. "चारापाणी कर, तुलाही विरंगुळा," असं कुबातला म्हणाले.

माझी काही हरकत नाही. घोड्याच्या मांसाचं सॉसेज, चुचुक, मला फार आवडतं. खोटं कशाला लिहू?

६ डिसेंबर

कुत्री!

शर्यतीच्या मैदानामागे भटकी टोळी आहे. बर्फ पडला की उपाशी मरतात. आज मला घेरलं. तमारानं शिकवलंय की पळायचं नाही, उभं राहायचं. उभी राहिले.  एकानं विजारीचा पाय धरलाच. दुधाची गाडी जोरजोरात हॉर्न वाजवत आली म्हणून सुटले.

कुबातनं फाटकी विजार पाहिली.  मीच म्हणाले, पळणं बंद. वितळेपर्यंत बंद.

७ डिसेंबर

आज लिहिल्याशिवाय राहवत नाही!

उशिरापर्यंत लोळायचं ठरवलं होतं. तर अंगणात खुरांचा आवाज. पडदा सारला — कुबात घोडीवर! कोंबड्यांच्या खुराड्यावर चढून वर बसला म्हणे. छपराचा एक पत्रा वाकलाय. डोक्यावर सासऱ्यांची कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, हातात चाबूक. म्हणाला, "बूट घाल. तुझ्या कुत्र्यांना भेटून येऊ."

पुढे मी, मागे ती दोघं. मैदानामागे टोळी आलीच. कुबातनं चाबूक हवेत फिरवला आणि एक शिवी हासडली. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ती पहिल्यांदा ऐकली. कुत्री पळाली. मीही थोडी जोरात पळाले.

परतताना मागे वळून पाहिलं. तो हसत नव्हता. पण पाठ ताठ होती.

१५ डिसेंबर

आता रोज जातो. सगळ्या रस्त्याला करमणूक झालीय. ब्रेडच्या दुकानाशी कुणीतरी ओरडलं, काय कुबात, बायकोला बाजारात विकायला नेतोस का? आणि कुबातनं उत्तर दिलं! "विकायला नाही, गिऱ्हाईक हिच्या मागे पळून दमतं." सगळे हसले. घरी येऊन त्यानं तीच गोष्ट मला तीनदा सांगितली. मी तिथंच होते. तरी तिन्ही वेळा ऐकली.

उतरताना म्हणाला, "खाली असलो की लंगडा. वर बसलो की माणूस." माझ्याकडे बघून नाही, खोगिराचा पट्टा सोडता सोडता.

२२ डिसेंबर

आके आले. सोगुमचा दिवस ठरवायला. तोरूच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि तोंड आंबट केलं.

"हिला काय केलंस तू?"

"जरा फिरवतो, आके. भूक लागावी म्हणून."

"जरा? सगळं गाव सांगतंय, कुबातची बायको आणि माझी घोडी शर्यत लावतात. अशी पळवलीस तर पाहुण्यांना काय वाढू, खूर?"

कुबातनं मान खाली घातली. मीही. हसू दिसू नये म्हणून. शेवटी ठरलं ते असं — आत्ता त्यांची म्हातारी गाय कापायची. तोरू मार्चमध्ये, त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या जेवणाला. फेब्रुवारीपासून तिला जागेवर बांधून जव चारायचे.

मार्च! अजून केवढा तरी हिवाळा आहे. मला इतका आनंद का व्हावा? घोडी माझी थोडीच आहे.

११ जानेवारी

उणे सव्वीस. दूध दाराशी ठेवलं तर दगड झालं.

आज सरोवराच्या रस्त्यानं लांब गेलो. जाताना लख्ख ऊन, डोंगर अगदी हाताशी. परतताना वारा सुटला आणि सगळं पांढरं झालं. खाली पांढरं, वर पांढरं, माझे स्वतःचे बूट दिसेनात. मी थांबले. कुबातचा आवाज आला, "शेपूट धर!" म्हटलं लाथ मारली तर? म्हणाला, मारायची असती तर तुझं पळणं बघून कधीच मारली असती.

धरली शेपूट. त्यानं लगाम सैल सोडला. तोरू आपल्या चालीनं निघाली आणि मी मागे लोंबकळत, धापा टाकत. कुठून कुठे गेलो काही कळलं नाही. नाकाला शेणाचा वास आला तेव्हा आपलंच फाटक. कधी कुठल्या वासानं इतका आनंद झाला नव्हता!

तोरूच्या हनुवटीला बर्फाची दाढी लोंबत होती. कुबातच्याही. दोघांना शेगडीपाशी आणावंसं वाटलं. एकालाच आणता आलं.

१२ जानेवारी

तिला साखरेचा खडा दिला. आता ती माझे खिसे हुंगते.

२ फेब्रुवारी

आके जवाची पोती घेऊन आले. उद्यापासून तोरू खुंट्याला. कुबात म्हणाला, "बरं, आके." बस्स, एवढंच.

ते गेल्यावर मी भांडले. "विचारलं का नाहीस?"

"काय विचारू? घोडी त्यांची, मुलगा त्यांचा, पाहुणे सगळ्यांचे."

"नुसतं विचारायचं तर होतं."

तो शेगडीपाशी जाऊन बसला. खिडकीकडे तोंड करून.

५ फेब्रुवारी

एकटी पळाले. कुत्री लांबूनच बघत होती — माझ्याकडे नव्हे, माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे.

"चाललीस?" "आलीस?" पुन्हा सुरू.

१९ फेब्रुवारी

पडले! कालव्याच्या पुलाशी, भुसभुशीत बर्फाखाली आरशासारखा बर्फ. घोटा मुरगळला. उभी राहिले की कळ थेट दातांपर्यंत. फोन घरी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कठड्याला टेकून बसले, गाणी म्हटली. सगळी लग्नातली. पाय बधिर झाले तशी गाणी संपली.

मग दूरवर एक ठिपका. वेडावाकडा, एका बाजूला झुकणारा. आधी वाटलं कुणी दारुडा. जवळ आल्यावर पाहिलं तर कुबात! चालत! हातात गवताची दाताळी, काठी म्हणून. मला उशीर झाला म्हणून निघाला होता. तोरूला नाही घेतलं — आकेंना शब्द दिला होता ना. पडल्यापासून हा फाटकाच्या पुढे पायी गेलेला नाही, आणि आज पुलापर्यंत!

मला शिव्या देत आला. फोन का नाही नेलास, अक्कल कुठे ठेवलीस. मी म्हटलं, मागे बघ. त्यानं मागे वळून आपल्या पावलांची ओळ पाहिली. एक पाऊल खोल, एक उथळ, पार वळणापर्यंत. मग शिव्या थांबल्या.

घरी निघालो. माझा डावा पाय निकामी, त्याचा उजवा. मध्ये दाताळी. झुलैखा एजे फाटकाशीच होती.  लोणी घातलेलं गरम दूध घेऊन मागोमाग आली.

२७ फेब्रुवारी

घोट्याची सूज उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी चाला, मग पळा. म्हणून सकाळी चालतो — दोघं. कुबात दमला की थांबतो आणि थांबला की गोष्ट सांगतो, म्हणजे दमलाय हे कळू नये. आज बर्फात पोहोचवायला नेलेल्या नवरीची गोष्ट सांगितली, जी मिनीबसमध्येच भांडून परत माहेरी गेली. मी हसून कठडा धरला.

परत आलो की तो आधी तबेल्यात जातो. तोरूला सगळं सांगतो, कुठवर गेलो ते. मी ऐकते, दाराआडून.

२० मार्च

उद्या नूरूझ, वसंतातलं नवं वर्ष. रस्त्यात अजून घोट्याएवढा बर्फ, पण छपरांवरून थेंब सुरू झालेत. आकेंच्या घरी गरम बोरसोक, तळलेल्या पिठाचे गोळे, घेऊन गेले. जाऊबाई सोनुन लग्नाच्या गोधड्या शिवत होती. आके एकटेच चहा पीत बसले होते. थोरल्या दिरासमोर मी आजवर मान वर करून बोललेली नाही. आज बोलले. कुबातला न विचारता.

"आके, तोरूला कापू नका."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बेर्मेत, जनावराला असा जीव लावला तर आपल्या डोंगरात माणसानं खायचं काय?"

"मीही खाते, आके. मी सगळी घोडी मागत नाही. ही एक. हिच्यामुळे तुमचा भाऊ उठून उभा राहिला."

"दिसतंय मला ते. डोळे आहेत." मग आवाज खाली आला. "पण सगळं गणगोत जेवायला येणार. लग्न आठवड्यावर आलंय. दुसरी कुठून आणू?"

 ते रागावले नाहीत. आपल्या हातानं मला चहा ओतून दिला. आके धाकट्या भावजयीला कधी चहा ओतत नाहीत. म्हणजे उत्तर 'नाही' असंच.

२५ मार्च

उद्या सकाळी येणार. कुबात दिवसभर तोरूला खरारा करत होता. मी म्हटलं, तू उद्या बाजारात जा, इथं थांबू नकोस. तो म्हणाला, "दोर मीच धरणार. शेवटी ओळखीचा हात हवा."

घोटा बरा आहे. ऊन छान पडलं होतं. तरी आज पळाले नाही.

२६ मार्च

आले. आके आणि दोन पुतणे, दोर आणि सुऱ्या घेऊन. मी खिशातली साखर मुठीत घट्ट धरून भिंतीशी उभी. कुबातनं तोरूला अंगणात आणलं. आकेंनी चरबी बघायला तिच्या पोटाखाली हात घातला — जव खाऊन सुटलंय असं आम्ही सगळे समजत होतो ते पोट! — आणि हात तिथंच राहिला. मग थोडा मागे सरकला. मग त्यांनी टोपी काढून कान लावला. तीन वर्षं वांझ म्हणवलेल्या घोडीला, गुडघ्यावर बसून! पुतण्यांना म्हणाले, दोर गुंडाळा, गावात जाऊन लग्नासाठी मेंढ्या बघा. कुबात काही विचारायला गेला, त्याला हातानंच गप्प केलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेर्मेत, इकडे ये. हात ठेव इथं. आत कुणीतरी पळतंय."