राणी दिसली का?

बाबा, काल माझ्या दारावरच्या विजेच्या मीटरच्या डब्यात मधमाशा येऊन बसल्या. उमरखेडात आता त्यांना बसायला दुसरी जागा तरी कुठे उरली आहे? शेजारच्या पोराने मच्छर मारायच्या औषधाचा फवारा आणला, दहा मिनिटांत काम आटोपलं आणि "मावशी, तेवढं झाडून घ्या," म्हणून निघून गेला. मी खराटा घेऊन त्या मेलेल्या माशांच्या ढिगापुढे बसले ती बसलेच. सत्तरी उलटली माझी, गुडघे बोलतात, पण तुमचा तो प्रश्न अजून कानात जसाच्या तसा आहे. "राणी दिसली का वं?" त्याचं उत्तर मी तुम्हाला खोटं दिलं होतं. एकदा नाही, दोनदा. तुम्हीच पाठीवर धपाटे घालून चौथीपर्यंत शिकवलंत, म्हणून निदान लिहिता तरी येतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला तुम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन मुकुटबनच्या वाटेने घरी आलात आणि चारच दिवसांनी गावातलं मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणालात. मग गावानेही तुम्हाला वावरात बोलवायचं बंद केलं. दोन वर्षं आपण कशी काढली ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर तुम्ही कुठूनसं मधमाशा पाळायचं शिकून आलात आणि बैलगाडीतून दोन लाकडी पेट्या उतरवल्यात, तेव्हा मायने कपाळाला हात लावला. "माशा पाळते म्हणे! अजी, कुत्रं पाळा, ते भुंकते तरी." तुम्ही हसलात आणि पेट्यांच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याचे डबे ठेवत बसलात. पहिला मध निघाला तेव्हा मोठ्या घरची मालकीणबाई नातवाच्या खोकल्यासाठी स्वतःचा गडू घेऊन आली. अंगणाच्या कडेला उभी राहून म्हणाली, "मधाले इटाळ नसते बाप्पा, टाक याच्यात." गडू भरता भरता तुम्ही विचारलंत, "मधाले नसते, मंग मधवाल्याले कसा लागते, बाई?" ती निघून गेली, पण मध घेऊनच गेली. पुढे आठ दिवस तुम्ही ती गोष्ट भेटेल त्याला सांगत होतात. तुम्हाला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं.

नवऱ्याने दुसरी करून मला परत पाठवलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिले, तर माय रडायला लागली आणि तुम्ही माझ्या हातात माशा शांत करायचा धुराचा डबा दिलात. म्हणालात, "माणसाच्या भरवशावर राहू नोको, पोरी. ह्या माशाईवर तुयं पोट चालन." दुसऱ्या वर्षी एका पेटीतल्या माशा उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत. उरली एकच पेटी. तिच्यातून पुढे चार पेट्या करायच्या, मग आठ, असा तुमचा हिशेब होता, आणि तो सगळा माझ्यासाठी होता. त्या एका पेटीवर माझा जन्म टांगलेला आहे हे आपण दोघंही जाणून होतो.

त्याच्या पुढच्या सालच्या माघात तुमची छाती पार बसली. खाटेवरून उठलं की धाप लागायची. पळस फुलला होता, आंब्याला बहर होता, आणि थंडी सरल्यावर पेटी पहिल्यांदा उघडून पाहायची वेळ झाली होती. तुम्ही ओसरीत पडल्या पडल्या मला सगळं समजावून सांगितलंत. ऊन चांगलं तापू दे, मग उघड. पोळ्याची चौकट सरळ वर घे, तिरपी नको. "राणीघर, म्हंजे नव्या राणीचं घर, दिसलं त मोडजो, नाही त ह्याबी उठून जातीन. पण मोडाच्या आंधी राणी पाहजो. लांब असते, काळसर, पंख आखूड. राणी नाही दिसली त अंडे पाहजो. तेबी नाही दिसले त काहीच मोडू नोको, मले सांग." इतकं सोपं होतं. आजही मला ते पाठ आहे, पाढ्यासारखं.

मी पेटी उघडली. धूर जास्त झाला, माझेच डोळे चुरचुरायला लागले. तिसरी चौकट वर काढली तर खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखी तीन राणीघरं लटकलेली. आदल्या वर्षीची उठून गेलेली पेटी आठवली. तेवढ्यात एक माशी पापणीवर डसली. मी राणी शोधली नाही. अंडी पाहिली नाहीत. तिन्ही राणीघरं नखाने मोडली. आत दुधासारखं पांढरं होतं आणि त्यात एकेक अळी. नख पदराला पुसलं आणि पेटी बंद केली.

म्हातारी राणी आधीच मेलेली होती, बाबा. माशा उठून जायला निघाल्या नव्हत्या, त्या नवी राणी घडवत होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही, पण राणी दिसली नाही हे तर कळत होतं! ओसरीत आले तेव्हा एक डोळा सुजून बंद झाला होता. तुम्ही विचारलंत, "राणी दिसली का वं?" मी म्हटलं, "दिसली." "कशी दिसली?" "लांब. काळसर. पंख आखूड." तुमचेच शब्द तुम्हाला परत दिले. तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. नवऱ्याने टाकलेली बाई एवढंही धड करू शकत नाही, असं तुम्हाला वाटू नये म्हणून मी खोटं बोलले. तुम्ही तसं कधीच म्हणाला नसतात. म्हणणारी मीच होते.

पंधरा दिवसांनी तुम्ही खाट पेटीजवळ न्यायला लावलीत. "पायाले पिवळं लावून येऊन राह्यल्या का?" तुम्ही विचारलंत. पिल्लं असली की माशा पायांना फुलांचं पिवळं लावून आणतात. मी म्हटलं, हो. एकही आणत नव्हती. मग तुम्ही कष्टाने कुशीवर वळलात आणि पेटीला कान लावलात. बराच वेळ ऐकत राहिलात. "लय रडून राह्यल्या वं ह्या. तवा राणी दिसलती ना? नसन दिसली त सांग. नाल्यावरच्या मोहाच्या ढोलीत माशा हायेत. त्यातला अंडे असलेला पोळ्याचा तुकडा आणून लावला, का ह्या दुसरी राणी करतीन." मला वाट दिली होती तुम्ही. नाला हाकेच्या अंतरावर होता. मी पळसाकडे पाहत म्हटलं, "दिसलती, बाबा." हे दुसरं खोटं मला पहिल्यापेक्षा जास्त छळतं, कारण या वेळी मला धूर लागला नव्हता की माशी डसली नव्हती.

पुढचं लवकर सांगते. माशा रोज कमी होत गेल्या. जुन्या मेल्या, नव्या जन्मल्याच नाहीत. चैत्र सरता सरता चौकटींवर किड्यांनी जाळी धरली. मी रोज पेटीचं झाकण पुसायची, म्हणजे लांबून सगळं ठीक दिसावं. तुम्ही शेवटी शेवटी जेवण सोडलंत तेव्हा म्हणालात, "यंदाचा मध चाटव थोडा." मी फडताळातल्या बाटलीतून बोट भरून जिभेला लावलं. तुम्ही किती तरी वेळ ते तोंडात घोळवलंत. मग म्हणालात, "हा मांगच्या सालचा हाय, पोरी." मी मान खाली घातली. रागवाल असं वाटलं, रागवायलाच हवं होतं. तुम्ही म्हणालात, "राहू दे. गोड हाय." तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. रिकामी पेटी पुढे मायने चुलीत घातली आणि मी इथे मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला आले. जन्मभर त्याच थापल्या. पोट चाललं, पण तुम्ही म्हणाला होतात तसं नाही.

तुम्ही किती मनात ठेवून गेलात ते मला कधीच कळणार नाही. माफी मागायची तर कोणाकडे मागू? हा कागद टपालाने जाणार नाही, आणि गेलेलं माणूस कुठे बसून वाचतं यावर तुमचाही विश्वास नव्हता आणि माझाही नाही. उद्या सकाळी चूल पेटवताना हाही आत जाईल.

फक्त एक सांगायचं राहिलं. काल त्या ढिगात मी काडीने एकेक माशी बाजूला केली, चष्मा लावून, दुपार होईपर्यंत. माझ्या उभ्या आयुष्यात मी राणी पाहिलेली नाही. एक होती जरा लांब, जरा काळसर. पंख औषधाने चिकटले होते, आखूड होते की नाही ते समजेना. तुम्ही विचारलं असतंत तर या वेळी मी म्हटलं असतं, बाबा, मला नक्की नाही दिसली.