मधल्या थरातलं हिरवं लुगडं

माय, काल तुझी नात ती गोधडी घेऊन आली. तिच्या लहानपणची, तू आणि मी मिळून शिवलेली. पांढरकवड्याहून एसटीत येताना तिनं ती पिशवीत घालून मांडीवर धरून आणली, जसं काही आत अंडीच आहेत. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे आणि येणाऱ्या लेकराला हीच गोधडी नीट करून पाहिजे, दुकानातलं फुगीर पांघरूण नको, असा मायलेकींचा हट्ट. वरचं कापड चार जागी विरलं होतं. मी चष्मा लावून उसवायला बसले, तर एका कोपऱ्यातून आतलं हिरवं दिसलं. तिनं त्यावर बोट ठेवून विचारलं, "आई, हे कोणाचं वं?" मी म्हटलं, "असंन कोणाचं तरी. पाच घरचे कपडे आहेत त्यात." ती चहा ठेवायला आत गेली आणि मी तुला लिहायला वहीचं पान फाडलं. कारण ते कोणाचं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तुला कधी कळू दिलं नाही.

माझं अक्षर तू पाहिलं असतंस तर हसली असतीस, कोंबडीनं उकरल्यासारखं अजूनही तसंच आहे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून. पण तेवढ्यावरही राळेगावकडच्या आपल्या त्या गल्लीत मी वाचणारी म्हणून मिरवत होते. मामाचं पत्र आलं की तू चुलीपुढून उठून, हात पुसून, माझ्यासमोर येऊन बसायचीस. पत्र तुझं आणि वाचणारी मी.

माझ्याआधी तुझी तीन लेकरं गेली होती. एक पाचवी पुजायच्या आत, एक रांगता रांगता, आणि एक चांगला चालता बोलता. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, शेजारच्या काकूनं सांगितलं. तू फक्त एवढंच म्हणायचीस की माझा हात लेकराला लाभत नाही. मी आठव्या महिन्यात बाळंतपणाला आले तेव्हा तू गोधडीची गोष्ट काढलीस. मला वाटलं, तुझी पेटी उघडशील, जुनी लुगडी काढशील. तर तू टोपली घेतलीस आणि म्हणालीस, चल, कापडं मागायला जायचं आहे. ज्या बाईचं एकही लेकरू गेलं नाही अशा पाच बायांच्या घरचं जुनं कापड पाहिजे होतं तुला. पोट सांभाळत मी तुझ्या मागून चालले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच घरी सातही लेकरं जगलेल्या एका काकूनं जरा ठसक्यात विचारलं, "तुह्या घरी कापडं नाईत काय वं?" तू मान खाली न घालता म्हणालीस, "आहेत. पण चालत नाईत." काकू उठली. आत गेली आणि नुसतं फडकं नाही, चांगलं अर्धं पातळ घेऊन आली, धुतलेलं, लोण्यासारखं मऊ. तांड्यावरच्या बाईनं तिच्या घागऱ्याचा तुकडा दिला, त्यावरचे आरसे तू एकेक करून काढलेस, लेकराला टोचतील म्हणून.

घरी आल्यावर मी तुझ्याशी भांडले. म्हटलं, मी जगली ना माय, मी काय दिसून नाही राह्यली तुला. मी तुझ्याच घरात, तुझ्याच हाताखाली मोठी झाले. तू तांदूळ निवडत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "तू माह्या कापडात नाई वाढली, बाई. तुले मावशीच्या लुगड्यात गुंडाळलं होतं. तवा जगली." माझं जगणंसुद्धा तू मावशीच्या नावावर टाकून मोकळी झाली होतीस.

मग शिवण सुरू झाली. सारवलेल्या ओसरीत खालचं कापड पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर मधला थर, त्यावर वरचं कापड. मधल्या थराबद्दल तू फार कडक. तळहातानं कापड सारखं करत मला दाखवायचीस, "इथं चुणी राह्यली तं पोराच्या पाठीले रुतन. वरून कोणाले दिसत नाई, पण त्याले कळते." दोऱ्याची गाठ वर दिसली की तू टाका उसवायला लावायचीस. एकदा मी सलग दोन हात शिवलं आणि टाके मोठे पडले म्हणून तू सगळं ओढून काढलंस. मी रडले, तर म्हणालीस, रड पण शिव. कापसाची वेचणी सुरू होती, तू सकाळीच शेतात जायचीस आणि मला काम सांगून जायचीस.

अशाच एका दुपारी मधला थर लावताना पायथ्याकडच्या कोपऱ्यात कापड कमी पडलं. हातभर कमी. पाच घरचं सगळं लागून गेलं होतं. मी उठले आणि तुझी पेटी उघडली. सगळ्यात वर ते हिरवं नऊवारी होतं, लाल काठाचं. लहानपणी ताप आला की मी त्याचा पदर मुठीत धरून झोपायचे. त्याला चुलीचा, हळदीचा आणि तुझा वास होता. मला माझ्या लेकरासाठी तोच वास पाहिजे होता, दुसरं काही कारण नाही. पदर तोडला तर तुला कळेल, म्हणून निऱ्यांच्या आत जाणारं टोक मी दीड हात कापलं, कडेला हातशिलाई मारली आणि लुगडं होतं तसं घडी करून ठेवलं. हिरवा तुकडा मधल्या थरात अंथरला, वरून काकूचं पातळ ओढलं आणि तू यायच्या आत टाके घालून टाकले. तू आलीस, वाकून हात फिरवलास आणि म्हणालीस, आज बरं लावलं. पहिल्यांदाच शाबासकी दिलीस आणि ती नेमकी त्याच दिवशी.

बाळंतपणानंतर एकदा तू ते हिरवं नेसायला घेतलंस आणि ओसरीत उभी राहून ओढाताण करत बसलीस. "हे लुगडं आटलं काय वं? कासोटा पुरून नाई राह्यला." मी म्हटलं, "तूच सुटली जराशी." तू म्हणालीस, "सुटीन नाई तं काय, तुह्यं उरलंसुरलं मीच खाऊन राह्यली ना." दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

पोरगी अडीच वर्षांची असताना तिला गोवर निघाला. आम्ही तेव्हा लोहाऱ्याला राहत होतो, एका खोलीत, हे एमआयडीसीत कामाला. निरोप मिळाला तशी तू दुपारच्या एसटीनं आलीस, काखेत कडुनिंबाच्या डहाळ्या. पण तू पोरीच्या उशाशी बसली नाहीस, दाराशी बसलीस. तिसऱ्या दिवशी तिचं अंग तव्यासारखं तापलं आणि डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस पाहू. आता खरं सांगते. त्या दिवशी मला तुझं सगळं पटलं. मला वाटलं, मीच तिच्यावर ते पांघरूण घातलं. मी तिच्या अंगावरची गोधडी काढून मागच्या बाजूला नेली आणि ब्लेडनं कोपरा उसवायला लागले. तुझं लुगडं ओढून काढून चुलीत घालायचं, एवढंच डोक्यात. आतून पोरगी गोधडी गोधडी करून रडत होती. तेवढ्यात तू मागं येऊन उभी राहिलीस. "काहून उसवून राह्यली?" मी म्हटलं, गाठ टोचते तिला. तू माझ्या हातून गोधडी घेतलीस, आत जाऊन सुई मागितलीस. काळाच दोरा होता घरात. डोळ्यांनी तेव्हा तुला कमी दिसायचं, बोटांनी चाचपून शिवायचीस. तुझ्या लुगड्यावर तूच टाके घातलेस आणि गोधडी परत पोरीच्या अंगावर टाकलीस.

पुढं कितीदा मनात आलं, बोटांना आपलं कापड कळलं असेल का. नाही कळलं. कळलं असतं तर तू तिथंच फाडलं असतंस.

दोन दिवसांनी ताप उतरला. पोरीनं ताकभात मागितला. तू दाराशीच बसून होतीस, तिला खाताना पाहत. मी ठरवलं होतं, आता सांगायचं. सांगायचं की माय, ती तुझ्याच कापडात निजली, अडीच वर्षं, आणि बघ, भात खात आहे. तुझ्यात काही खोट नाही. मी तोंड उघडणार तर तूच बोललीस. "पाह्य, म्या माह्यं कापड तिच्या अंगाले लागू देलं नाई, म्हणून वाचली पोरगी." असं म्हणून तू पदरानं तोंड पुसलंस आणि माझ्याकडं पाहिलंस. तुझ्या चेहऱ्यावर तसा आनंद मी कधी पाहिला नव्हता. तीन लेकरं तुझ्या हातून गेली असं तू मानत होतीस, आणि एक वाचवलं असं आता वाटत होतं. ते मी कसं काढून घेऊ. मी ताकाचं भांडं उचललं आणि घासायला गेले.

त्यानंतर सांगायला पुष्कळ वर्षं होती. तू नातीला मांडीवर घ्यायचीस तेव्हा आधी मांडीवर टॉवेल अंथरायचीस. तुझ्या नातीला अजून आठवतं, काल चहा पिताना म्हणाली, आजीला फार स्वच्छता लागायची ना. मी हो म्हटलं. तुझं शेवटचं दुखणं आठ दिवसांचं होतं, बोलायला वेळ होता, तू शुद्धीवर होतीस. मी पाय चेपत बसायचे आणि शेताच्या, सोयाबीनच्या गोष्टी करायचे. न सांगण्यात तुझं सुख होतं असं मी मनाला समजावलं होतं. पण टॉवेल न अंथरता तुला नातीला जवळ घेता आलं असतं, हेही तितकंच खरं. आता वय झाल्यावर मला ते दुसरंच जास्त दिसतं.

आज सकाळी मी वरचं कापड बदललं. माझीच जुनी सुती साडी लावली. हिरवा तुकडा जिथं होता तिथंच आहे, चुणी न ठेवता. तुझे काळ्या दोऱ्याचे टाके मात्र काढावे लागले, कापड तिथंच फाटत होतं. तो दोरा मी फेकला नाही, डबीत ठेवला आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही. तू असतीस तरी हे तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मामाच्या पत्रात तुझ्या मनाला लागेल अशी ओळ आली की मी ती गाळून पुढची वाचायचे, तुला कधी कळलं नाही. हेही मी वाचलं असतं, पोरगी आली, गोधडी नीट केली, पणती बाळंतपणाला आली आहे, सगळं खुशाल आहे. आणि हिरव्या लुगड्याची ओळ गाळली असती.