टोपलीतली दोन अंडी

अचिरो,

टोपलीतली दोन अंडी न्याहारीला उकडू नकोस.

तू पाण्याला गेलीस आणि गमबूट घातलेले तिघं बंदूकवाले आले. "म्हाताऱ्या, आमची पोरगी पळून इकडं आली का?" आमची म्हणे! आपली नात, लमारो, यांनीच पळवून नेलेली. घरभर डोकावले. परत आलेल्यानं दारात अंड्यावर पाय द्यायची आपली रीत, त्याशिवाय तिला घरात घ्यायचं नाही म्हणून तू काल तिला कोठारात निजवलंस, ते बरंच झालं. मी म्हटलं, "नदीपलीकडं मावशीकडं गेलीय, चला दाखवतो." जन्मभर थट्टेचं लिहिलं, कुणी खरं मानलं नाही, या तिघांनी मानलं. काठी घेतो सांगून आत आलोय.

माझ्या गुडघ्यामुळे नदी गाठायला दुपार होईल. पुनर्वसन केंद्राची गाडी नऊला येईल, लमारोबरोबर तूही जा. त्याआधी दारात तिला पायानं एक अंडं फोडू दे. गावातले वडीलधारे जमायची वाट पाहू नकोस. बूट घालूनच झोपलीय, हळू उठव.

पलीकडं मावशी नाही, हे त्यांना तिथं कळेलच. दुसरं अंडं जपून ठेव. बरेच दिवस बाहेर राहिलेल्याला ते लागतं, आणि मला उशीर होईलसं दिसतंय.

— तुझा लाबेजा